न उलटवलेला उंट

पोस्टकार्डाच्या तळाशी, जिथे आणखी काही लिहायला जागाच उरत नाही अशा अरुंद पट्टीत, इसुरुगींनी लिहिलं होतं: "तुम्ही बघत बसू नका. थेट मशीनला लावा आणि किती वेळ लागतो तेवढं कळवा." मी ते इमारतीच्या तळमजल्यावर टपालपेट्यांसमोर उभा राहून वाचलं. एका हातात पानांसकट मुळा होता, दुसऱ्या हातात कार्ड. बाहेर ट्राम वळणावर करकरत गेली. लिफ्ट आली, उघडली आणि माझ्याशिवायच वर निघून गेली. त्या वाक्यात खोचक असं काहीच नव्हतं. उलट काळजी होती. चौसष्ट वर्षांच्या माणसाने दोनशे एक्केचाळीस चालींचं कोडं डोक्यात कशाला वागवायचं, मशीन आहे ना, एवढाच त्याचा सरळ अर्थ. पण वर्षानुवर्षं ज्या घरी आपलं पान वाढलेलं असतं त्या घराच्या दारातच कुणी हातात डबा ठेवावा आणि म्हणावं, आत नका येऊ, पसारा आहे, तसं मला झालं. कान गरम झाले. मी जिन्याने चौथ्या मजल्यावर गेलो. राग आला की मला लिफ्टमध्ये नुसतं उभं राहवत नाही.

शोगी हे आमचं जपानी बुद्धिबळ, पण आमची जमात ते खेळत नाही. आम्ही कोडी रचतो आणि सोडवतो. पटावर एक राजा, दहावीस सोंगट्या, प्रत्येक चालीला शह द्यायचा आणि शेवटी मात. वाट एकच असली पाहिजे. दुसरी निघाली तर कोडं फुटलं, आणि वाटच नसली तर ते जन्मलंच नाही असं धरायचं. एकोणीसशे त्र्याऐंशी साली आमच्या मासिकात हिमी गावच्या कुणा इसुरुगी नावाच्या माणसाचं सत्तावन्न चालींचं कोडं आलं, आणि अख्ख्या देशातून बरोबर उत्तर पाठवणारा मी एकटा निघालो. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला लागलो होतो. दोष काढायचा पगार मिळायचा. महिन्याभराने हिमीहून कार्ड आलं. त्यावर नवं, न छापलेलं कोडं, किती चालींचं ते, आणि खाली एक ओळ: "छापायच्या आधी तुम्ही बघावं." उत्तर सोबत नव्हतं. ते त्यांनी कधीच सोबत दिलं नाही. मी सोडवायचो आणि दिवस कळवायचो. अकरा दिवस. सव्वीस दिवस. एकदा चार महिने. सोबत एखादी ओळ, की अमुक चालीपाशी मी चहा सांडला, की तमुक चाल कळली तेव्हा कारखान्यात खिडकीची काच दोनदा तपासली. मग ते कोडं मासिकात जायचं आणि लोक त्याच्यामागे लागायचे. लोक लागायचे तेव्हा मला बरं वाटायचं नाही. ही माझी चीज, हिला मी आधी बघितलीय, आणि आता कुणीही सोम्यागोम्या हिच्याकडे बघतोय, असं काहीतरी. लग्न झालेल्या माणसाने हे बोलू नये, पण माझ्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा एक कार्ड आलं होतं आणि ते मी योशिएपासून लपवून ठेवलं होतं.

इतक्या वर्षांत आम्ही पाच-सहा वेळाच भेटलो असू, तेही मासिकाच्या वार्षिक मेळाव्यात. ते मासेमारीच्या जाळ्यांच्या कारखान्यात जाळी विणायचे. बोटं जाड, तळव्यांना घट्टे, बोलणं जवळजवळ नाहीच. मेळाव्यात ते एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. जवळ बसायची आम्हाला लाज वाटायची. एकदा फक्त, चपलांच्या फडताळापाशी, ते माझ्याकडे न बघता म्हणाले की त्र्याण्णव सालचं ते कोडं त्यांनी मी कुठे अडेन हे डोळ्यांसमोर ठेवून रचलं होतं. मी कुठे अडलो ते मी सांगितलं. ते म्हणाले, तिथे नाही, त्याच्या आधी अडायला हवं होतं. मी म्हणालो, तिथे मी अडलोच नाही. त्यांनी चपला घातल्या. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो आणि इतका सुखात होतो की माझं स्टेशन मागे गेलं.

मशीन त्यांच्याकडे नेलं ते मीच. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सगळं खोटं होईल. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो तेव्हा रिकामा वेळ खायला उठला, आणि मी इंजिनं, म्हणजे शोगी खेळणारे संगणकाचे प्रोग्रॅम, तपासायला लागलो. शोगीची इंजिनं लिहिणारे तरुण तोक्योत, क्योतोत बसलेले असतात. त्यांची इंजिनं माणसाशी कधीच हरत नाहीत, पण कोड्यांमध्ये अडखळतात, कारण कोड्यात राजा दोनदोनशे चाली पटभर पळवावा लागतो, आणि एवढ्या लांबवर बघायला मशीनलाही श्वास लागतो. मी अशा एकशे बारा जड पटांची यादी केली. नवं इंजिन आलं की एकेक पट त्याच्यापुढे टाकायचा, कुठे किती सेकंद, कुठे किती तास, कुठे हात टेकले, सगळं तक्त्यात मांडायचं आणि पाठवून द्यायचं. त्या मुलांमध्ये माझ्या यादीचा दरारा आहे. यादीतले एकतीस पट इसुरुगींचे. त्यांना हे कळवलं तेव्हा मला वाटलं होतं, ते खूश होतील आणि गोष्ट तिथेच राहील. पुढच्याच कार्डावर त्यांनी विचारलं, "मशीनला किती मिनिटं लागली?" दिवस विचारले नाहीत. मी मिनिटं कळवली. त्या पुढच्या कार्डावरही मिनिटंच. आणि मग मशीनने त्यांची जुनी कोडी फोडायला सुरुवात केली. ज्या वाटा मी पंधरापंधरा दिवस बसून बघितल्या नव्हत्या त्या ते दीड मिनिटात दाखवायचं. सहा वर्षांत अकरा कोडी फुटली. मी प्रत्येक वेळी हळहळून कळवलं, आणि प्रत्येक वेळी त्यांचं आलेलं उत्तर आधीच्यापेक्षा जास्त आदराचं होतं. आदर मला नव्हता. योशिएने एकदा रात्रीचं जेवण वाढताना माझं तोंड बघून विचारलं होतं काय झालं म्हणून. मी सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग रडता कशाला? सवत घरात आणली ती तुम्हीच, तिची ओटीही तुम्हीच भरलीत." आणि माझ्या सूपमध्ये जास्तीचा टोफू टाकला.

तर ते कार्ड. मी कोडं पटावर मांडलं, आणि पटाकडे पाठ करून बसलो, कारण बघू नका म्हटलं होतं ना. मनात म्हटलं, हा ब्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, दीड वर्ष बसून याने हे रचलं. मासिकात त्याची नव्याण्णव छापून आली आहेत, हे शंभरावं आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे शेवटचं. आणि हे त्याने रचलंय कुणासाठी? माझ्या लॅपटॉपसाठी. मी कुठे अडेन ते आता त्याच्या डोळ्यांसमोर नाही. डोळ्यांसमोर एक पंखा फिरणारा डबा आहे, ज्याला चहा सांडता येत नाही. मी लॅपटॉप उघडला. त्या आठवड्यात एका इंजिनची नवी आवृत्ती आली होती, ती चढवली, पट भरला.

इथे एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या खेळात सोंगटी शत्रूच्या हद्दीत शिरली की उलटवता येते, आणि उलटवली की तिचं बळ वाढतं. उंट उलटवला की तिरका जातोच, शिवाय सरळही एकेक घर चालतो. बळ फुकट मिळत असताना कोण सोडेल? म्हणून इंजिनं उंट न उलटवायची चाल मोजतच नाहीत. वेळ वाचतो. पण आमच्यात आणखी एक नियम आहे: मारून हातात ठेवलेलं प्यादं पटावर परत टाकून शह देता येतो, मात करता येत नाही. त्यामुळे क्वचित, हजारात एखाद्या पटात, असं होतं की उलटवलेला उंट फार बलवान ठरतो. राजाचं शेवटचं घरही तो बंद करतो, प्यादं टाकलं तर मात होईल, म्हणून टाकता येत नाही, आणि सगळा पाठलाग तिथेच संपतो. उंट अशक्त ठेवला तर राजाला एक घर उरतं, आणि पाठलाग चालू राहतो. कोडी रचणाऱ्यांचा हा जुना, लाडका डाव. यासाठी इंजिनच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो: "अनावश्यक चालीही तपासा." नवीन आवृत्ती चढवली की तो आपोआप रिकामा होतो. मी सहा वर्षांत शेकडो वेळा पहिलं काम म्हणून त्यात खूण केलेली आहे. हात आपण होऊन तिथे जातो. त्या दिवशी गेला नाही. विसरलो की मुद्दाम केली नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं असं की तो चौकोन मला दिसला होता. रिकामा. मी त्याच्याकडे बघितलं आणि सुरू करायचं बटण दाबलं.

नऊ मिनिटांनी मशीनने सांगितलं: मात नाही. तेव्हा मला जो आनंद झाला तो लपवून काय करू? पोटातून ऊब चढत गेली. घ्या, म्हटलं. जिच्यासाठी दीड वर्ष शृंगार केलात तिने नऊ मिनिटांत तोंड फिरवलं. असा निकाल आला तर तपासणाऱ्याने भोक कुठे आहे तेही दाखवायचं असतं, राजा कुठल्या चालीने सुटतो ते लिहायचं असतं. ते मी केलं नाही. कार्डावर दोन ओळी लिहिल्या: "मशीन म्हणतं, मात नाही. नऊ मिनिटं." अक्षर छान आलं होतं. खालच्या पेटीत टाकून आलो आणि योशिएबरोबर मुळा घालून शिजवलेला बुरी मासा खाल्ला, दोनदा भात घेतला. ती म्हणाली, आज स्वारी खुशीत दिसते.

आठ दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. डिसेंबर लागला होता, आमच्याकडे या दिवसांत बर्फाच्या आधी ढग गडगडतात. कार्ड दमट झालं होतं. "भोक मला दिसत नाही. म्हणजे मोठंच असणार. कोडं मागे घेतो. इतक्या वर्षांच्या तसदीबद्दल आभारी आहे." बस. आधीच्या अकरा वेळा त्यांनी दुरुस्त करून पाठवतो असं लिहिलं होतं. मी कार्ड तक्त्यांच्या फायलीत ठेवलं. मग काढून दुसऱ्या फायलीत ठेवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं दिवसभर घशाशी काहीतरी राहिलं. चौकोनात खूण करून पुन्हा लावायला किती वेळ लागला असता? पण तसं केलं तर उत्तर पुन्हा त्या सवतीलाच सापडणार. कोड्याची शेवटची शोभा तिने बघायची आणि मी मिनिटं टिपून घ्यायची. मी लॅपटॉप कपाटात, रजयांच्या मागे ठेवून दिला आणि पटासमोर बसलो. त्यांनी बघू नका म्हटल्यावर जो पट मी पाठीमागे ठेवला होता तो आता समोर घेतला.

सहा वर्षांत मी एकही लांब कोडं स्वतः सोडवलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पहिले चार दिवस डोकं नुसतं घसरत होतं. वीस चालींपुढे पट धूसर व्हायचा. दुकानात पैसे देताना, दात घासताना, ट्रामच्या थांब्यावर, मी राजाला उजव्या कोपऱ्यातून हाकत न्यायचो आणि तो मधेच कुठेतरी निसटायचा. सहाव्या दिवशी जुनं काहीतरी परत आलं. आकडे राहिले नाहीत, एक चाल आली. इसुरुगींची चाल, म्हणजे चालण्याची ढब. हा माणूस राजाला कधी भिंतीशी दाबत नाही, त्याला सारखं वाटत राहतं की सुटलो, सुटलो. मला त्यांची जाड बोटं दिसत होती. अठराव्या दिवशी मी सत्त्याऐंशीव्या चालीला अडलो आणि अडल्याबरोबर ओळखलं की इथेच अडायचं आहे. इथे मला उभं केलेलं आहे. उंट आत जातो, उलटतो, आणि सगळं संपतं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत वाळायला टांगलेली पर्सिमनची फळं दाबून बघत होतो, त्यातलं एक आतून मऊ लागलं, आणि तेव्हा समजलं. उलटवायचा नाही. तसाच राहू द्यायचा. मग राजाला एक घर मिळतं, प्यादं पडतं, आणि पुढच्या दीडशे चाली कशा, दार उघडून दिलेल्या घरासारख्या दिसायला लागल्या. मी फळ हातात घेऊन उभा. डोळ्यांत पाणी. योशिए आतून म्हणाली, दार लावा, थंडी येते.

तेव्हाच फोन करायला हवा होता. मी केला नाही. अकरा दिवस केला नाही. लाज हे एक कारण होतं, पण लाज काय, दोन दिवसांत जाते. दुसरं कारण जास्त वाईट होतं. मला ते कोडं एकट्याकडे हवं होतं. ज्याने रचलं त्याने टाकून दिलेलं, मशीनने नाकारलेलं, आणि जगात ते धड आहे हे फक्त मला ठाऊक. रोज सकाळी मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा मनात खेळायचो. सांगितलं की ते मासिकात जाणार, लोक त्याला हात लावणार, मशीनं त्याची मिनिटं मोजणार. मी त्याच्यावर नागोबासारखा बसून होतो. आणि इसुरुगी? ते दुरुस्त करत बसले असतील, म्हातारा चिवट आहे, असं मी धरून चाललो होतो.

बाराव्या दिवशी मिसाकोचा फोन आला. ही त्यांची मुलगी, ताकाओकात राहते. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होतो. ती म्हणाली, बाबांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय की त्यांचा पट आणि सोंगट्या तुम्ही घ्याल का. मी विचारलं का. मग तिने सगळं सांगितलं. गेली तीन वर्षं ती त्यांना एकटं राहू नका म्हणून विनवत होती, वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती, आणि ते दर वेळी म्हणायचे की जोवर कोडं रचता येतंय तोवर माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि डोकं ठिकाणावर आहे तोवर मी माझ्या घरात राहीन. गेल्या महिन्यात एक कार्ड आलं. ते तीन दिवस पटासमोर बसले. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः तिला फोन केला आणि म्हणाले, मला त्या जागेत नेऊन ठेव, माझं डोकं गेलं. येत्या सोमवारी ते तिथे जाणार होते. "मला बरंच वाटलं खरं तर," मिसाको म्हणाली. "पण कानामोरी-सान, आता ते गॅससुद्धा स्वतः लावत नाहीत. मला विचारतात, लावू का म्हणून."

मी लॅपटॉप घेऊन निघालो. घ्यावा की नाही यावर दारात दोनदा थबकलो. योशिएला एवढंच सांगितलं की माझ्या हातून वाईट झालंय. तिने विचारलं नाही काय ते. म्हणाली, "मग पायात चांगले मोजे घाला, तिथे बूट काढावे लागतील." गाडीतून समुद्र दिसत होता, शिशासारखा, आणि पलीकडचे डोंगर ढगात. हिमीच्या त्या घरात मी इतक्या वर्षांत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पत्ता मात्र हाताला पाठ. खोलीत पुठ्ठ्याची खोकी भरून ठेवलेली, जुन्या जाळ्यांच्या डांबराचा मंद वास, आणि पट एका कापडात गुंडाळून माझ्यासाठी दाराशी तयार. इसुरुगी गादीवर बसले होते. मेळाव्यात आठवत होते त्याच्या निम्मे झाले होते. मिसाकोने चहा आणला आणि भिंतीशी बसली.

मी बसल्या बसल्या डोकं जमिनीला टेकवलं. म्हणालो, "इसुरुगी-सान, कोडं धड आहे. मशीनमधली एक खूण मी केली नव्हती. ती नसली की त्याला उंट न उलटवायची चाल दिसतच नाही."

"विसरलात होय. होतं असं," ते म्हणाले.

"विसरलो नव्हतो. मला दिसत होतं."

मिसाकोने कप खाली ठेवला. मी पुढे म्हणालो, "तुम्ही लिहिलंत, तुम्ही बघू नका. ते मला सहन झालं नाही."

"तुम्हाला त्रास नको म्हणून लिहिलं होतं."

"ठाऊक आहे."

"एवढ्यासाठी?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून. एवढ्यासाठीच होतं. मी पटावरचं कापड सोडलं आणि कोडं मांडलं. पहिल्या चालीपासून खेळत गेलो, माझ्याही आणि राजाच्याही चाली मीच, आणि ते बघत राहिले. सत्त्याऐंशीला उंट आत नेला आणि उलटवला नाही. त्यांचा ओठ हलला. शेवटपर्यंत नेलं. दोनशे एक्केचाळीस. मात. मी अंग चोरून बसलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या समोर त्यांचं कोडं सोडवून. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. दिवस विचारतील.

ते म्हणाले, "हो. मलाही असंच वाटलं होतं."

"वाटलं होतं नाही, असंच आहे."

"आपल्या दोघांना वाटतं, कानामोरी-सान. दोन म्हाताऱ्यांना वाटून काय उपयोग? मधे कुठेतरी राजा सुटत असेल, ना तुम्हाला दिसतं ना मला." त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. "तुम्ही माझ्यासाठी इतक्या लांब आलात, फार झालं. पण ते काय म्हणतंय?"

"बाबा, ते एवढं समजावून सांगताहेत," मिसाको म्हणाली.

"माझी समजूत काढायला आलेत ते. चांगला माणूस आहे."

तर हे असं होतं. एकोणीस दिवस मी ज्या वाटेने चालून आलो ती वाट त्यांच्या लेखी एका चांगल्या माणसाने काढलेली समजूत होती. मी कितीही वेळा मांडून दाखवलं असतं तरी ते मान डोलावून हो म्हणाले असते आणि सोमवारी त्या जागेत राहायला गेले असते, गॅस लावू का असं कुणाला तरी विचारत. पिशवी न उघडता मला तिथून निघता आलं नसतं, आणि उघडायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. मी उघडली. पट भरला. सेटिंगमध्ये गेलो, चौकोन त्यांना दाखवला, आणि त्यांच्या देखत खूण केली. मग लॅपटॉप चहाच्या बुटक्या टेबलावर ठेवला. पंखा फिरू लागला.

सदतीस मिनिटं गेली. मिसाकोने माशाच्या वड्यांचे काप आणले, कुणी खाल्ले नाहीत. इसुरुगी गादीवरून उतरून लॅपटॉपसमोर नीट मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर, मोतीबिंदूचे डोळे त्या पडद्यावर लावून. आकडे वाढत होते, त्यांना ते वाचता येत नव्हते. त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. उत्तराची वाट बघणारा चेहरा. माझ्या कार्डांची वाटही ते असेच बघत असतील, अकरा दिवस, सव्वीस दिवस, चार महिने, रोज पेटी उघडून, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. ते मी कधी पाहिलं नव्हतं आणि आता पाहत होतो, पण आता ते माझ्यासाठी नव्हतं. मी त्यांच्या बाजूला दोन हातांवर बसलो होतो. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

पंख्याचा आवाज खाली आला. मी वाचून दाखवलं: मात आहे. दोनशे एक्केचाळीस. सत्त्याऐंशीला उंट, न उलटवता. इसुरुगींनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग आकडा कुठे लिहिलाय ते बोट ठेवून दाखवायला लावलं. मग खोकला आल्यासारखं त्यांचं अंग हललं, आणि ते मिसाकोला म्हणाले, "त्या लोकांना कळव. मी येत नाही. डोकं आहे माझं." मिसाकोने तोंडावर हात धरला. ती रडत होती की हसत होती ते मला दिसलं नाही. ते उठले, स्वतः स्वयंपाकघरात गेले, गॅस लावल्याचा आवाज आला, किटली ठेवल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. खरंच वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला.

परत येऊन ते टेबलासमोर बसले. डाव संपला की समोरच्याला वाकून आभार मानायचे, ही आमच्यात लहान मुलालाही शिकवलेली रीत. त्यांनी दोन्ही तळवे चटईवर टेकले आणि लॅपटॉपला सावकाश, पूर्ण वाकून नमस्कार केला. "आभारी आहे," म्हणाले. कपाळ खाली टेकलेलं होतं, मानेवरचे पांढरे केस दिसत होते. त्यांनी डोकं वर उचलायच्या आत मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.